जीन्स

जीन्स : निळीने रंगविलेला ताणा व पांढरा बाणा यांनी विणलेल्या जाड सुती कापडाची, दुहेरी शिवणीची व खिशांच्या कोपऱ्यांना धातूचे रिव्हेट बसविलेली विजार. या कापडास डेनिम म्हणतात. प्रारंभी ही अमेरिकेतील खाणकामगार, गुराखी व मजूर यांची कामाची विजार होती. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ती तरुणांच्या निरनिराळ्या उपसंस्कृतींची खूण बनली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात वस्तुसंग्रहालयांच्या कायम संग्रहांत दाखल झाली. वापराने येणारी झीज हे इतर कपड्यांत वैगुण्य समजतात; जीन्सच्या बाबतीत मात्र तो गुण मानला जातो. संग्रहालयात ही झीज वापरणाऱ्याच्या आयुष्याचा पुरावा म्हणून जपली जाते, तर बाजारासाठी तीच झीज कारखान्यात मुद्दाम निर्माण केली जाते. ठाणे जिल्ह्यातील विठ्ठलवाडी–उल्हासनगर हा परिसर जीन्स शिवण्याच्या व धुण्याच्या उद्योगामुळे प्रसिद्धीस आला. त्यामुळे या वस्त्राचा इतिहास पाहताना ते वापरणाऱ्या तरुणांइतकाच ते घडविणाऱ्या कामगारांचाही विचार करावा लागतो.

नामव्युत्पत्ती : ‘जीन’ हा शब्द इटलीतील जेनोआ या बंदराच्या फ्रेंच नावावरून आला. तेथून निर्यात होणाऱ्या एका मजबूत कापडास हे नाव होते. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधील नीम या गावी विणल्या जाणाऱ्या सर्ज कापडावरून आला, असे सामान्यतः मानतात. परंतु त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. याच कुळातील तिसरा शब्द ‘डंगरी’ हा असून त्याचा संबंध मुंबईतील डोंगरी या भागाशी जोडला जातो. डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडाचा उल्लेख सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेखनात आढळतो. शिडे, तंबू व खलाशांचे कामाचे कपडे यांसाठी हे कापड वापरीत. पुढे इंग्रजीत हा शब्द कामगारांच्या निळ्या कपड्यांसाठी रूढ झाला. तांत्रिक दृष्ट्या मात्र ही कापडे भिन्न आहेत : डंगरी साध्या विणीची, तर डेनिम ट्विल विणीचे असते.

कापड व रंग : डेनिममध्ये सामान्यतः ताण्याचे तीन धागे सोडून बाण्याचा एक धागा घेतला जातो. त्यामुळे कापडावर तिरक्या रेषा उमटतात, दर्शनी बाजूस निळा ताणा व उलट बाजूस पांढरा बाणा अधिक दिसतो आणि कापडास टिकाऊपणा येतो. ताणा विणण्यापूर्वीच रंगवितात. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारीय कुंडात तिचे क्षपण केल्यावर ती विरघळणारी व पिवळसर हिरवी बनते. धागा बुडवून हवेत आणला की ऑक्सिडीकरण होऊन पुन्हा निळी होते. ही क्रिया अनेकदा करूनही रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेर निळे कडे व आत पांढरा गाभा अशी धाग्याची रचना राहते. घर्षणाने वरचा थर निघून गेला की आतील पांढरेपणा दिसू लागतो. जीन्स विटते ती या कारणाने. आणि जेथे शरीर वाकते, घासते किंवा खिशातील वस्तू दाबते तेथेच ती अधिक विटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीळ ही वनस्पतीपासूनच मिळे. बंगालमधील निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध १८५९–६० मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. चंपारण येथील १९१७ चा सत्याग्रहही निळीच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध होता. जर्मनीमध्ये १८९७ पासून कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली व वनस्पतिजन्य निळीचा व्यापार झपाट्याने घटला. आज डेनिमसाठी प्रामुख्याने कृत्रिम नीळच वापरतात.

श्रमिकांचे वस्त्र : अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याने मजुरांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांना रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. पेटंटसाठी लागणारा पैसा नसल्याने त्याने आपला कापड-पुरवठादार, सॅन फ्रॅन्सिस्कोचा व्यापारी लेव्ही स्ट्राउस (१८२९–१९०२) याच्याशी भागीदारी केली. २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. ‘५०१’ हा सुप्रसिद्ध क्रमांक सु. १८९० पासून वापरात आला. दुसरा मागचा खिसा १९०१ मध्ये व पट्ट्यासाठी बंद १९२२ मध्ये जोडण्यात आले. या बदलांवरून जुन्या नगाचा काळ ठरविता येतो. बरीच वर्षे या विजारीस ‘ओव्हरऑल’ म्हणत. ‘जीन्स’ हे नाव तरुणांनी रूढ केले व सु. १९६० पासून उत्पादकांनीही ते स्वीकारले.

युवा-उपसंस्कृतींचे वस्त्र : समाजातील प्रस्थापित चालीरीतींपासून आपले वेगळेपण पोशाख, संगीत व भाषा यांतून व्यक्त करणाऱ्या गटाच्या जीवनपद्धतीस उपसंस्कृती म्हणतात. डिक हेब्डिज या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गटांच्या वेशभूषेची चिकित्सा केली. एखादी सामान्य वस्तू तिच्या नेहमीच्या संदर्भातून काढून तिला नवा, बहुधा आव्हानात्मक अर्थ देणे, हे या वेशभूषेचे मर्म असल्याचे त्याने दाखविले. जीन्स हे त्याचे ठळक उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारसायकलस्वारांच्या टोळ्यांनी जीन्स स्वीकारली. द वाइल्ड वन (१९५३) व रिबेल विदाउट अ कॉज (१९५५) या चित्रपटांतील मार्लन ब्रँडो व जेम्स डीन यांच्या भूमिकांमुळे ती बंडखोर तरुणाची खूण ठरली. अनेक शाळांनी तीस मज्जाव केला व त्या बंदीमुळेच तिचे आकर्षण वाढले. १९६० नंतरच्या दशकात हिप्पींनी जीन्सवर भरतकाम केले, ठिगळे लावली. कारखान्यात एकसारखे निघालेले वस्त्र त्यांनी अशा रीतीने वैयक्तिक बनविले. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील पंक तरुणांनी ते फाडले, रंग उडवून विद्रूप केले व सेफ्टी पिनांनी जोडले. सोव्हिएट संघात पाश्चात्त्य जीन्स काळ्या बाजारात विकली जाई. मजुराच्या गरजेपोटी जन्मलेली झीज आणि ठिगळ ही सुस्थितीतील तरुणांनी निषेधाची भाषा म्हणून उचलली, हे यांतील समान सूत्र होय.

भारतातील प्रसार : भारतात जीन्स प्रथम परदेशी प्रवासी, खलाशी व आयात मालाचे व्यापारी यांच्याद्वारे आली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या किनाऱ्यावर राहू लागलेल्या हिप्पींनी पुढील मुक्कामाच्या खर्चासाठी आपले कपडे व इतर चीजवस्तू विकण्यास आरंभ केला. हणजूण येथील बुधवारचा बाजार त्यातूनच वाढला. १९८० मध्ये ‘फ्लाइंग मशीन’ हा जीन्सचा भारतीय छाप बाजारात आला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने मोठ्या प्रमाणावर डेनिम विणण्यास प्रारंभ केला. १९९० नंतरच्या दशकात याच कंपनीने कापड, चेन, बटण व रिव्हेट एकत्र असलेला ‘रफ अँड टफ’ हा संच विक्रीस आणला. तो गावातील शिंप्याकडून शिवून घेता येत असल्याने महागडी तयार जीन्स न परवडणाऱ्या तरुणांपर्यंत हे वस्त्र पोहोचले.

जीन्सविषयीचा सामाजिक वाद भारतात अजूनही शमलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स व टी शर्ट न वापरण्याची सूचना दिली. पुढे जीन्सपुरती ती शिथिल करण्यात आली. फाटक्या जीन्स घालणाऱ्या स्त्रियांविषयी उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये केलेल्या विधानावर देशभर टीका झाली. पुरुषांच्या कपड्यांवरील आक्षेप बहुधा शिस्तीच्या, तर स्त्रियांच्या कपड्यांवरील आक्षेप चारित्र्याच्या भाषेत घेतला जातो, हा भेद अशा वादांतून दिसून येतो.

संग्रहालयीन जतन : वस्त्रांचे जुने संग्रह मुख्यतः राजघराण्यांची, धर्मगुरूंची व धनिकांची वस्त्रे जपण्यासाठी निर्माण झाले. सामान्यांचे कपडे टिकत नाहीत, कारण ते पूर्णपणे वापरले जातात. महाराष्ट्रात जुने लुगडे व धोतर गोधडीत जाई किंवा बोहारणीला देऊन त्याबदली भांडी घेतली जात. उरलेल्या चिंध्या पुसण्यास लागत. मुंबईच्या भायखळा येथील, १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयात नगरातील विविध समाजांचे पोशाख मातीच्या प्रतिकृतींद्वारे दाखविले आहेत. अशा प्रतिकृतींतून समाजाचा नमुना कळतो. परंतु विशिष्ट माणसाने वापरलेल्या कपड्यातून कळणारे तपशील त्यांत नसतात.

जीन्सचीही प्रारंभीची उदाहरणे दुर्मिळ आहेत. १९०६ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत लेव्ही स्ट्राउस कंपनीचे सॅन फ्रॅन्सिस्को येथील मुख्यालय जळाले व तेथील जुने कागदपत्र व कपडे नष्ट झाले. त्यामुळे स्वतःच बनविलेला जुना माल कंपनीला परत विकत घ्यावा लागला. नेव्हाडातील एका खाणवस्तीत सापडलेली १८८० नंतरच्या दशकातील एक विजार तिने २००१ मध्ये ४६,५३२ डॉलरना घेतली. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या कायम संग्रहात जीन्सचा समावेश १९६४ मध्ये झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने नोव्हेंबर १९९४ ते फेब्रुवारी १९९५ या काळात रस्त्यावरील वेशभूषेचे एक मोठे प्रदर्शन भरविले आणि त्यानिमित्त टेडी बॉय, मॉड, स्किनहेड, पंक इ. गटांचे कपडे मिळविले. त्या कपड्यांची किंमत कापडात नसून ते कोणी, कोठे व कशासोबत घातले या माहितीत आहे. माहितीविना ते केवळ जुने कपडे ठरतात.

अशा वस्त्राच्या जतनात नेहमीपेक्षा वेगळे प्रश्न उद्भवतात. सुती कापडावर प्रकाशाचा परिणाम होत असल्याने प्रदर्शनात तो साधारणपणे ५० लक्सच्या मर्यादेत ठेवतात. सापेक्ष आर्द्रता स्थिर राखतात. घडीच्या जागी धागे तुटू नयेत म्हणून आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या आत घालतात. रिव्हेट व सेफ्टी पिना यांच्या गंजाने भोवतीचे कापड खराब होते. परंतु पंक पोशाखातील पिना काढल्या तर त्याचा अर्थच नाहीसा होतो. धुलाई शक्यतो टाळतात, कारण खाणीतील माती, यंत्राचे तेल किंवा मेणबत्तीचे मेण हेही पुराव्याचेच भाग असतात. फाटलेला भाग पूर्ववत न करता तो आणखी फाटणार नाही इतकाच आधार देतात. दुरुस्ती कोठे थांबवावी, हा येथे संरक्षकापुढील मुख्य निर्णय असतो.

झीज हा पुरावा मानण्यास वैज्ञानिक आधार आहे. अमेरिकेतील स्पोकेन येथील १९९६ च्या बँक दरोड्याच्या तपासात, छायाचित्रात दिसणाऱ्या जीन्सच्या शिवणीवरील फिकट-गडद पट्ट्यांची तुलना संशयिताच्या जीन्सशी करण्यात आली व ती पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवणकाम करणारा कामगार कापड यंत्रातून सरकवितो तेव्हा शिवणीवर सूक्ष्म चुण्या पडतात. पुढे वापरात त्या चुण्यांचे उंचवटे आधी विटतात. म्हणजे हे पट्टे शिवणारा व वापरणारा या दोघांच्या हालचालींतून घडलेले असतात. एकेका माणसाची ओळख पटविण्यास हे साधन कितपत विश्वसनीय आहे, याविषयी २०२० मधील एका अभ्यासाने शंका घेतली. तथापि शिवणाऱ्याच्या हाताचा ठसा कपड्यावर उरतो, ही गोष्ट संग्रहालयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याचे आणखी स्पष्ट उदाहरण न्यू मेक्सिकोमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये लिलावात विकल्या गेलेल्या एका जुन्या विजारीत मिळते. ती १८८० नंतरच्या दशकातील असून तिच्या खिशाच्या आतील बाजूस, हा माल फक्त गौरवर्णीय कामगारांनी बनविला असल्याची जाहिरात छापलेली आहे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर कायद्याने बंदी घातली. त्या काळातील वंशद्वेष या छापात नोंदला गेला आहे. वापरणाऱ्याविषयी ही विजार जेवढे सांगते, तेवढेच ती कोणाला कामावर घेतले व कोणाला वगळले याविषयी सांगते.

कृत्रिम झीज : तरुणांनी वर्षानुवर्षे वापरून आणलेले विटकेपण नव्या मालातच मिळावे, अशी मागणी वाढल्यावर १९७० नंतरच्या काळात जीन्स विक्रीपूर्वी धुण्याची पद्धत पसरली. प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखीय दगडांसह विजारी मोठ्या फिरत्या पिंपात घुसळल्या की नीळ घासली जाते. पुढे दगडांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला सेल्युलेज हे एंझाइम वापरले जाऊ लागले. मांड्यांवरील फिकट पट्टे पोटॅशियम परमँगॅनेटची फवारणी करून, गुडघ्यांवरील चुण्या हाताने कानस किंवा काचकागद घासून तयार करतात. रंग उडविण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटही वापरतात. दाबाखालील वाळूचा झोत मारण्याची पद्धत सर्वांत घातक ठरली : वाळूतील सिलिकेची धूळ श्वासावाटे जाऊन तुर्कस्तानातील अनेक तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडला. त्या देशाने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. काही कारखान्यांत आता लेसर किरणांनी रंग जाळून हेच काम करतात. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रे लहान उद्योजकांच्या आवाक्याबाहेरची असतात.

विठ्ठलवाडी–उल्हासनगर परिसर : विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील, कल्याणनंतरचे पहिले स्थानक. त्याच्या एका अंगास कल्याण पूर्वेची वस्ती, तर दुसऱ्या अंगास उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणीच्या भागांना आजही ‘कॅम्प’ म्हणून क्रमांकानेच ओळखतात. भांडवल व जमीन गमावून आलेल्या या लोकांनी लहान घरगुती उद्योग उभारले. प्रसिद्ध परदेशी वस्तूंच्या हुबेहूब नकला करण्याबद्दल हे गाव प्रसिद्ध होते. मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या शब्दांतील अक्षरे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ यांची आद्याक्षरे असल्याची आख्यायिका मुंबई परिसरात सांगितली जाते. अमेरिकन मजुराच्या विजारीची निर्मिती येथे रुजली, ती या पार्श्वभूमीवर. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅम्प ४ व ५ आणि लगतच्या भागांत जीन्सचा उद्योग वाढला.

या उद्योगात श्रमविभागणी काटेकोर असते. कटिंग मास्टर कापडाचे थर रचून ते कापतो. निरनिराळे कारागीर खिसे, पाय व कंबरपट्टी नगावर मजुरी घेऊन शिवतात. काजबटन, रिव्हेट, धुलाई, इस्त्री व बांधणी ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी होतात. सुटे धागे कापण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया घरी नेऊन करतात. कारागिरांत उत्तर भारतातून आलेल्या तरुणांचा भरणा मोठा आहे. तयार मालावर बहुधा यांपैकी कोणाचेही, अथवा गावाचेही, नाव नसते.

धुलाईचा भार वालधुनी नदीने सोसला. अंबरनाथनजीकच्या डोंगरांत उगम पावून, तेथील १०६० मधील शिलालेख असलेल्या शिवमंदिराजवळून वाहत ही लहान नदी उल्हासनगर व विठ्ठलवाडीमार्गे कल्याणच्या खाडीस मिळते. औद्योगिक सांडपाणी व नागरी मैला यांनी ती आधीच दूषित झाली होती. त्यात धुलाई केंद्रांतील निळे, रसायनयुक्त पाणी मिसळू लागले. वनशक्ती या संस्थेने उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली व २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने संबंधित यंत्रणांना जबाबदार धरले. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. त्या दशकात उल्हासनगरमधील जीन्स धुलाई केंद्रांवर बंदीची कारवाई झाली. त्यामुळे नदीवरील भार घटण्यास मदत झाली, तरी अनेक कामगारांचा रोजगार गेला आणि काही केंद्रे आसपासच्या ग्रामीण भागात हलली. सामायिक शुद्धीकरणाची सोय न करता केवळ बंदी घातल्यास प्रदूषण नष्ट न होता स्थलांतरित होते, हा यातून मिळणारा धडा होय.

नोंदीचे स्वरूप : संग्रहालयात युवा-उपसंस्कृतीचे वस्त्र दाखल करताना वापरणाऱ्याचे वय, गट, आवडते संगीत व वस्त्रातील फेरफार यांची नोंद सामान्यतः करतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या जीन्सबाबत ही नोंद अपुरी पडते. गुडघ्यावरील फिकट भाग वापरणाऱ्याच्या बसण्या-उठण्याने झाला की एखाद्या कारागिराने तो काचकागदाने घासला, हे केवळ पाहून ठरविणे अवघड असते. आणि पहिल्या अर्थाने वाचलेला पुरावा दुसऱ्या कारणाने निर्माण झालेला असू शकतो. म्हणून कापड कोठे विणले, शिवण कोठे झाली, रंग कोणत्या प्रक्रियेने उतरविला, त्यासाठी कोणती रसायने वापरली व मजुरी कशी दिली जाई, ही माहिती वस्त्रासोबत ठेवणे आवश्यक ठरते. कारागीर व धुलाई कामगार यांच्या मुलाखती, खर्चाच्या वह्या व हत्यारे ही तिची साधने होत. कामाचे ठिकाण हलले की ही साधने त्वरित विखुरतात. वस्त्र मागाहून विकत घेता येते. ते ज्यांच्या हातून गेले त्यांच्या आठवणी मात्र त्यांच्या हयातीतच टिपाव्या लागतात.